झील धरणारे



या शाळेच्या पायऱ्या मी प्रथम चढले त्या १९५५ साली, वडिलांचे बोट धरून. आज सत्तरी ओलांडल्यावर त्याच पायऱ्या एका विद्यार्थिनीचा हात धरून चढले आणि मास्तरांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी आपल्यासमोर उभी राहिले. मास्तरांचे नाव माझ्या मागील तसबिरीखाली लिहिलेले आहे. मी त्यांना आयुष्यभर ‘मास्तर’ एवढेच म्हणत आले आणि आजही तसेच म्हणणार आहे.

माझ्या अध्यापनाचा विषय संतवाङ्मय. संयोजकांची अपेक्षा त्यावरच बोलावे अशी असणार. परंतु मास्तर या शाळेत संगीत शिकवीत. म्हणून आज एका गाण्याविषयी बोलावे असे मी ठरविले. ते गाणे मी दोनदा गायले: पहिल्यांदा १९६९ साली, महाविद्यालयाच्या वृंदगान पथकात; दुसऱ्यांदा पन्नास वर्षांनी, २०१९ च्या डिसेंबरात, त्याच पथकाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात. या दोन गायनांच्या मध्ये माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. तिच्याविषयी बोलल्याशिवाय मास्तरांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, अशी माझी भावना आहे.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधते. तो शब्द ‘झील’. शाहीर पोवाड्याची ओळ फेकतो आणि मागचे साथीदार ती उचलून धरतात. त्यांना आपण झीलकरी म्हणतो. आपल्या शेजारच्या गुजरातीत ‘झीलवुं’ असे क्रियापद आहे. वरून पडणारी वस्तू हातांत झेलणे हा त्याचा एक अर्थ. गरब्यात पुढची बाई जी ओळ म्हणते ती मागच्यांनी उचलून म्हणणे हा दुसरा. बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाच्या कानांवर गणपतीत पहिला शब्द पडतो आणि नवरात्रात दुसरा. मला या शब्दांत एक मोठा विचार दिसतो. गाणाऱ्याने टाकलेला सूर खाली पडू नये म्हणून कोणीतरी हात पसरून उभे असते. समूहगानाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात आढळली नाही.

आपल्या संगीताचा इतिहास आपण बहुधा एकेकट्या गवयांचा इतिहास म्हणून सांगतो. बडोद्याला तर त्याचा विशेष अभिमान आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा सुरू केली. आजच्या विद्यापीठातील संगीत-नाट्य विद्याशाखेचे मूळ त्या गायनशाळेत आहे. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती याच नगरीत. दरबारात फैयाजखाँसाहेब गात होते. हे सारे वैभव खरेच आहे. पण गायनशाळेचा अर्थ आपण पुरता लक्षात घेतलेला नाही, असे मला वाटते. घराण्यात गुरू एका शिष्याला समोर बसवितो. शाळेत एक शिक्षक वर्गाला समोर बसवितो. मौलाबक्षांनी स्वरलिपी सिद्ध केली आणि पाठ्यपुस्तके रचली, कारण त्यांना गाणे अनेकांपर्यंत न्यायचे होते. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर याच वाटेने गेले. सभांतून आणि प्रार्थनांतून त्यांनी सामान्य माणसाला गायला लावले.

सामान्य माणूस त्याआधीही गातच होता. वारकऱ्यांच्या दिंडीत, कीर्तनातल्या टाळकऱ्यांत, गोव्यातील दोन आवाजांच्या मांडोत, आपल्या घरच्या आरतीत. आरतीला उभे राहताना कोणी कोणाचा गळा तपासत नाही. आजोबा एका पट्टीत, नातू दुसऱ्या पट्टीत, आणि सून तिसऱ्याच, तरीही आरती पूर्ण होते. रंगमंचावरचे वृंदगान मात्र वेगळे. तेथे श्रोते तिकीट काढून बसलेले असतात, आणि श्रोता आला की निवड येते. कलकत्ता यूथ क्वायर १९५८ सालचे आणि मद्रास यूथ क्वायर १९७१ सालचे. या दोन तारखांच्या दरम्यान आपल्या अनेक महाविद्यालयांतून समूहगीतांची हवा होती. त्या हवेत आमचेही पथक तयार झाले.

आम्ही बेचाळीस जण होतो. एक संस्कृत प्रार्थना, नरसिंह मेहतांचे एक पद, एक हिंदी देशभक्तिपर गीत आणि शेवटी ज्ञानदेवांचे पसायदान, असा आमचा कार्यक्रम असे. पसायदानाला आमच्या मार्गदर्शकांनी भूप रागात चाल बांधली होती. साथीला पेटी आणि तबला. त्या काळी आकाशवाणीने पेटीला आपल्या दारातून आत घेतले नव्हते. १९४० साली घातलेली बंदी १९७१ साली शिथिल झाली. पेटीचे सूर ठाम असतात, त्यांत मींड निघत नाही, हा आक्षेप एकल गायनापुरता योग्यच आहे. बेचाळीस नवशिक्या गळ्यांना मात्र तो ठामपणाच आधार असतो. पेटी पुढे डाव्या कोपऱ्यात होती आणि तबला उजव्या. मी आणि माझी एक गुजराती मैत्रीण मागच्या ओळीत अगदी उजव्या टोकाला उभ्या राहत असू. ही जागा आपण कृपया ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व मला समजायला पन्नास वर्षे लागली.

कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना मार्गदर्शकांनी तालीम थांबविली. मागे कोणीतरी उतरते आहे, असे ते म्हणाले. एकेकीला गायला लावून त्यांनी शोध घेतला आणि माझ्या मैत्रिणीपाशी येऊन थांबले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, “तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस.” तिने मान हलविली. तालीम पुढे सुरू झाली.

मी तिच्या शेजारी उभी होते. मला ते स्पष्ट ऐकू आले. मी काहीच बोलले नाही. आज प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी मला हायसे वाटले होते. कारण त्याच्या आधीच्या ओळीत मीही तार ऋषभाला थोडी कमी पडले होते, आणि माझे नाव निघाले नव्हते. कार्यक्रम उत्तम झाला. टाळ्या पडल्या. छायाचित्रात आम्ही दोघी शेजारी उभ्या आहोत, दोघींची तोंडे सारखीच उघडी आहेत. छायाचित्रावरून कोणालाही काही कळणार नाही.

त्यानंतर आयुष्य आपापल्या वाटांनी गेले. मी अध्यापनात रमले, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. २०१९ च्या मेळाव्याची टूम निघाली तेव्हा आम्ही पुन्हा एकत्र आलो. संयोजकांनी गाण्याचा आग्रह धरला. ती म्हणाली, मी श्रोत्यांत बसेन. मी कारण विचारले. तेव्हा तिने जे सांगितले ते तिच्या परवानगीने आपणांसमोर मांडते. ती आज या सभागृहातच बसली आहे. ती म्हणाली, त्या दिवसानंतर मी गायलेच नाही. नवरात्रात पोळीतल्या गरब्यात फिरले, पण झीलले नाही. तोंड मिटून टाळ्या दिल्या. मुलांना झोपविताना थोपटले, गायले नाही. देवापुढे मनातल्या मनात म्हटले. पन्नास वर्षे!

श्रोतेहो, मी साहित्याची अध्यापक आहे. शब्दाचे सामर्थ्य या विषयावर मी असंख्य व्याख्याने दिली आहेत. तीन शब्दांच्या एका सूचनेने एका गळ्याला पन्नास वर्षे कुलूप लागते, याचे उदाहरण मात्र माझ्या शेजारी उभे होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या रात्री मला मास्तर आठवले. या शाळेत संगीताचा तास आठवड्यातून दोनदा असे आणि वर्गातली सारी मुले गात. न लागणारा गळा मास्तरांनाही भेटत असे. पण त्यांची रीत वेगळी होती. ते प्रथम त्या मुलाला पेटीचा सूर देतच नसत. मूल ज्या सुरावर आपोआप उभे राहते तो सूर ते ऐकत, पेटीवर तोच शोधत आणि साऱ्या वर्गाला त्या सुरावर आणत. मग एकेक पायरीने वर्ग वर चढे आणि ते मूल वर्गाबरोबर चढे. दुसरी युक्ती जागेची. डळमळणाऱ्या मुलाला ते ओळीच्या टोकाला कधीही उभे करीत नसत. दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये उभे करीत. तिसरी युक्ती कानाची. एका कानावर तळहात ठेवून गा, म्हणजे स्वतःचा आवाज आतून ऐकू येईल आणि दुसऱ्या कानाने शेजाऱ्याचा, असे ते सांगत. गळा बिघडलेला नसतो, कानाला सवय नसते, ही त्यांची श्रद्धा होती. ज्यांना सुरांतील भेद जन्मतःच कळत नाही अशी माणसे असतात, पण ती फार थोडी, हे आता शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. बाकीच्यांना बहुधा ऐकू येण्याजोग्या जागी कोणी उभेच केलेले नसते.

आणि तेव्हा मला ते १९६९ चे उजवे टोक आठवले. डाव्या कोपऱ्यातली पेटी आम्हांला तेथे ऐकूच येत नसे. कानाशी होता तो तबला. गर्दीत स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो आणि जोर लावला की सूर हलतो. मी अधूनमधून गल्लीकडे झुकून पेटी ऐकण्याचा प्रयत्न करीत असे. ती शिस्तीची मुलगी, सरळ उभी राही. आमच्यात फरक असला तर एवढाच असावा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून सहा तालमी झाल्या. मी तिला गळ घातली, ती पहिल्या दिवशी नुसती आली, बसली. दुसऱ्या रविवारी मास्तरांच्या रीतीने मी तिच्या सुरापासून सुरुवात केली. तिसऱ्या रविवारी ती माझ्याकडे वळून म्हणाली, “तुं गा, हुं झीलीश.” तू गा, मी झेलीन. मला त्यावर काही उत्तर सुचले नाही. मी गायला सुरुवात केली.

आता माझी स्वतःची अवस्था सांगते. सत्तरीच्या घरात स्वरतंतू पातळ आणि ताठ होतात. वयानुसार बायकांचा आवाज खाली येतो, पुरुषांचा बहुधा थोडा वर सरकतो. तरुणपणी काळी दोनमध्ये म्हटलेले पसायदान आम्हांला तीन पट्ट्या उतरवून पांढरी एकमध्ये घ्यावे लागले. बायका सुखावल्या, तर मंद्र धैवताला पुरुषांचे हाल होऊ लागले. तोडगा असा निघाला की वरच्या जागी पुरुषांनी आधार द्यावा आणि खालच्या जागी बायकांनी आवाज मोकळा सोडावा. खरी अडचण श्वासाची होती. पूर्वी एका दमात होणारी ओवी आता अर्ध्यावर तुटू लागली. आमच्यातला एक जण नामवंत शल्यचिकित्सक. त्याने त्यावर उपाय सांगितला, पण तो वैद्यकाचा नव्हता, वृंदगानाचाच जुना उपाय होता. सर्वांनी एकाच ठिकाणी श्वास घ्यायचा नाही. शेजाऱ्यांनी आपसांत ठरवायचे: तू या अक्षरानंतर, मी त्या अक्षरानंतर. श्वास घ्यायचा तेव्हा गुपचूप थांबायचे आणि परत येताना हळूच, चालत्या सुरात शिरायचे. अशा रीतीने तीस थकलेली माणसे एक न तुटणारा सूर धरू शकतात, जो एकट्या तरण्याताठ्या गवयालाही धरता येणार नाही.

माझ्या मैत्रिणीने आणि मी आमचे श्वास वाटून घेतले. मी थांबले की ती गात असे. ती थांबली की मी.

एक प्रसंग आणखी. बेचाळिसांपैकी आम्ही एकतीस जण मंचावर येऊ शकलो. काही परदेशी होते, काही अंथरुणावर, आणि सात जण या जगात नव्हते. कोणीतरी सुचविले की त्यांच्या जागा ओळीत रिकाम्या ठेवाव्यात, तेथे फुले ठेवावीत. कल्पना हृद्य होती आणि आम्ही ती तालमीत करूनही पाहिली. गाणे विस्कटले. मध्ये मोकळी जागा राहिली की पलीकडच्याचा आवाज ऐकू येत नाही, मग आधार तुटतो. शेवटी फुले मंचाच्या पुढे ठेवली आणि आम्ही सरकून खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. गेलेल्यांच्या ओळी राहिलेल्यांनी वाटून घेतल्या. दिवंगतांचे स्मरण कसे करावे याविषयी मी पुष्कळ वाचले आहे. पण त्या संध्याकाळी सरकून उभे राहताना मला जे उमगले, ते त्याआधी उमगले नव्हते.

कार्यक्रम झाला. तो निर्दोष झाला असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या पदाला लय वाढली, हिंदी गीताच्या एका कडव्यात दोन गट दोन ठिकाणी होते आणि श्रोत्यांनी प्रेमाने हसून घेतले. पसायदान मात्र लागले. वरच्या ऋषभाच्या जागी माझा श्वास संपला, मी ठरल्याप्रमाणे थांबले, आणि माझ्या डाव्या कानात तिचा सूर चालू होता. तो किंचित खाली होता का? असेलही. मी त्यात परत शिरले.

नंतर ध्वनिमुद्रण ऐकले. तिचा आवाज शोधण्याचा मी फार प्रयत्न केला, स्वतःचाही केला. दोन्ही सापडले नाहीत. आवाजांतील सूक्ष्म फरक एकमेकांत मिसळूनच वृंदाचा तो भरीव नाद तयार होतो. सगळे गळे तंतोतंत सारखे असते तर तो झाला नसता. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती गाण्याच्या रचनेप्रमाणे एकदमच कमीजास्त होऊ लागते, कारण गाणे त्यांच्या श्वासाला वळण लावते. आमच्या एकतीस हृदयांपैकी काहींत यंत्रे बसविलेली होती. त्यांचे काय झाले असेल ते वैद्यच जाणोत!

ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी जे मागणे मागितले ते मी चाळीस वर्षे वर्गात शिकविले. त्यात निवड नाही, वगळणे नाही, हे मी फळ्यावर लिहून दाखवीत असे. आणि हेच मागणे मंचावर म्हणत असताना आम्ही एका मुलीला मुकी केले होते. ओव्यांचा अर्थ मला तेव्हाही येत होता. शेजारी उभी असलेली मुलगी त्या अर्थात येते, हे लक्षात आले नव्हते.

आमच्या मार्गदर्शकांविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. त्यांना कार्यक्रम चांगला व्हायला हवा होता, आणि ती इच्छा गैर नव्हे. शिक्षक म्हणून मीही परीक्षेच्या निकालासाठी काही मुलांना मागे बसविले असेल. ओठ हलव, असे मी कोणाला कधी म्हटले, हे मला आठवत नाही. पण ज्याला ते ऐकावे लागते त्याला मात्र ते जन्मभर आठवते.

म्हणून या शाळेची माजी विद्यार्थिनी या नात्याने संस्थेच्या चालकांपुढे एक विनंती ठेवते आणि थांबते. शाळेचे वृंदगान पथक स्पर्धांतून पारितोषिके मिळविते, त्याचा आम्हां सर्वांना आनंद आहे. ते पथक निवडूनच तयार व्हावे. परंतु वार्षिक संमेलनात एक गाणे असे असावे की ज्यात शाळेतील प्रत्येक मूल गाईल. गाणारे, न गाणारे, घोगरे, लाजरे, सगळे. पेटी मध्यभागी असावी. टोकाला पक्क्या गळ्याची मुले उभी करावीत. गाणे थोडे डगमगले तर पालकांनी हसून घ्यावे. या कामासाठी मास्तरांच्या नावे वेगळे पारितोषिक ठेवण्याची गरज नाही. मास्तरांचा हा रोजचा तास होता.

आणि माझ्या माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकीही कोणाला शाळेत, महाविद्यालयात, घरात, कोणीतरी कधी तरी गप्प केले असेल. पुढल्या वर्षी या व्याख्यानाच्या आरंभी स्वागतगीत होईल तेव्हा आपण खुर्चीत बसून राहू नये. येथे येऊन उभे राहावे. माझी मैत्रीण येणार आहे. तिने तसे मला सांगितले आहे. मीही असेन, आणि नसले तर माझी जागा रिकामी ठेवू नका, सरकून घ्या.

 मास्तरांच्या स्मृतीस वंदन करून आपली रजा घेते.